पाठीवरचा भोवरा

"केसाच्या वाटेन वच. उरफाटो वचूं नाका."

उघड्या अंगाने, माझ्याकडे पाठ करून पाटावर बसला की तो हे आधी म्हणायचा: केस जिकडे वळतात तिकडेच जा, उलटं नको. मग उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. बोट वर झालं की बोलणं बंद. वस्तरा चालू असताना कुणीच बोलायचं नाही, असा त्याचा कायदा होता. ज्याच्या अंगावर वस्तरा आहे त्याने नाही आणि ज्याच्या हातात आहे त्यानेही नाही. बोललं की अंग हलतं आणि अंग हललं की कातडी कापते, असं त्याचं म्हणणं. मी वापरायचो ते साधं पात्याचं यंत्र, पण त्याच्या लेखी अंगावरचे केस काढणारी कुठलीही वस्तू वस्तराच होती.

तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि पेडण्याकडच्या आमच्या गावात, देवळाच्या उत्सवातल्या नाटकात, राणी व्हायचा. मी त्याच खाणीवर वजनकाट्याचा कारकून आणि त्याच नाटकात रंगपटाचा प्रमुख. म्हणजे कपडे माझ्याकडे, टोप माझ्याकडे, रंग माझ्याकडे आणि त्याचं अंगही माझ्याकडे.

आमच्या गावात अजून त्याची गोष्ट सांगतात. सुतकात तोंडाला रंग लावला, देवाने पाठीवर खूण केली, पुन्हा कधी राणी झाला नाही. परवा नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनाला एका वक्त्याने हीच गोष्ट माइकवरून सांगितली आणि सभागृहातल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यातले निम्मे लोक त्या नाटकाच्या वेळी जन्मलेही नव्हते.

गोष्ट खोटी आहे. त्याच्या पाठीची जी दशा झाली ती माझ्या हाताने झाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही त्याच्याकडे नीट बघाल, माझ्या कबुलीची वाट बघत बसणार नाही.

तर बघा. उंच, रुंद खांद्यांचा, रंगाने गव्हाळ आणि अंगभर केस. इतके केस की पावसात भिजला तर वाळायला वेळ लागायचा. अशा माणसाला राणी करायचं कुणाला सुचलं ते मला माहीत नाही. पण त्याचा गळा गोड होता, डोळे मोठे होते आणि तो नऊवारी नेसून चालला की समोरच्या बायका आपापले पदर नीट करायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या अंगात दोन माणसं राहतात आणि दोघांचं एकमेकांशी काही भांडण नसतं.

खाणीवर ड्रायव्हर त्याला चिडवायचे. "रे राणी, आज पोलकें खंय?"

हा स्टेअरिंगवरचा हात न काढता म्हणायचा, "तुज्या बायलेन धुवंक व्हेलां." बायकोने धुवायला नेलंय म्हटल्यावर विचारणाऱ्याचीच फजिती.

पोर्तुगीज गेले तेव्हा आमच्या गावात वीज नव्हती. नाटकं पेट्रोमॅक्सवर व्हायची. त्या उजेडात सगळेच चेहरे सुंदर दिसतात, आणि हातावरचे केस म्हणजे सावली वाटते. तेव्हा राणीला दाढी गुळगुळीत केली की पुरत असे, बाकी सगळं लांब हातांच्या पोलक्यात झाकलेलं. मग खांब आले, तारा आल्या, आणि पहिल्याच वर्षी हौसेने मंडळाने म्हापशाहून मोठे दिवे भाड्याने आणले. राणीने हात वर करून पद सुरू केलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अरे, राणयेच्या हातार घोंगडी आसा."

लोक हसले. तो पद संपेपर्यंत हसला नाही, चुकलाही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा. "कारकुना, फुडल्या वर्सा हो हात असो दिसपाक फाव ना." पुढच्या वर्षी हात असा दिसता कामा नये, एवढंच.

पहिल्यांदा तो गावच्या न्हाव्याकडे गेला. आमच्याकडे न्हाव्याला म्हालो म्हणतात. म्हालो ओसरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तोंड करतां, तकली करतां, खाको करतां. पाय? पोलक्याची पाठ? त्या कामाक हांव जल्माक येवंक ना." तोंड, डोकं, काखा, त्यापुढे तो जाणार नव्हता. वस्तरा मिटला आणि आत गेला. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला ते नको होतं, हे खरंच सांगतो. आठवड्याचा एक रविवार मिळायचा, त्याची दुपार एका पुरुषाच्या पाठीवर साबणाचा फेस करण्यात घालवायची म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

शिवाय त्याचे नखरे. डिचोलीत आम्ही एकाच खोलीत भाड्याने राहायचो. खोलीला एक जनेल, म्हणजे खिडकी, तिच्याखाली मोरी. तो आधी कढत पाण्याने अंघोळ करायचा, आणि पाणी लाल व्हायचं बंद झाल्याशिवाय उठायचा नाही. खाणीची माती अंगात अशी मुरते की वरून दिसत नाही. "ही माती कातडेंत उरली जाल्यार वस्तरो न्हय, पॉलिशपेपर चलता," म्हणायचा. मग लांब केस कात्रीने बारीक करायचे. मग कढत पाण्यात पिळलेला तुवालो, म्हणजे टॉवेल, पाठीवर, छातीवर, पायांवर धरून ठेवायचा. मग ब्रशने फेस. फेस लावला की लगेच सुरू करायचं नाही. तो एक अख्खं पद गुणगुणायचा आणि तेवढा वेळ मी यंत्र हातात धरून उभा.

"झालं?" मी विचारायचो.

"अंतरो उरला."

पद संपलं की ते वाक्य, आणि मग बोट वर.

डाव्या हाताने कातडी ताणायची, उजव्या हाताने जोर द्यायचा नाही. दर ओढीला पातं धुवायचं. पाठीला नवीन पातं, जुनं चालणार नाही. एका जागेवरून एकदाच जायचं. काही खुंट राहिले तर राहू द्यायचे, नाहीतर पुन्हा फेस लावून बाजूने जायचं, उरफाटं कधीच नाही. नंतर गार पाणी. तुवालो टेकवून पाणी टिपायचं, घासायचं नाही. तुरटी लागलं असेल तिथेच, सगळीकडे नाही. शेवटी तळहातावर दोन थेंब खोबरेल. ते लावून तो बायकोच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर पालथा पडायचा. त्या दिवशी ट्रक नाही, ऊन नाही, घाम नाही. आणि रंग तर दुसऱ्याच दिवशी. कातडीला एक रात्र निजू दिल्याशिवाय तो अंगाला रंगाचं बोट लावू द्यायचा नाही.

हे सगळं त्याला कुठून कळलं होतं? काही चुका करून करून, काही नुसतं मनाने घडवलेलं. अमावास्येला काढलेले केस दुप्पट येतात असंही तो छातीठोक सांगायचा. फणस खाल्ल्याने केस राठ होतात असंही. वाद घातला की चिडायचा. नाटकाच्या आधी महिनाभर त्याच्यासमोर कुणी फणस खायचा नाही, आणि एकदा मी मुद्दाम गरे आणून खाल्ले तर दोन दिवस बोलला नाही. कातडीच्या बाबतीत मात्र त्याचं गणित बरोबर निघायचं, आणि त्याचा त्याला गर्व होता. नाटकाच्या सकाळी आरशासमोर हात पुढे धरून तो स्वतःच्याच हातावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "पळय कारकुना, लोणी."

त्याच्या बायकोला हे सगळं मनापासून आवडायचं नाही, पण ती त्यातून करमणूक काढायची. एकदा तिने माझ्यासमोर दोन्ही हात धरले. विळ्याचे, चुलीचे, भातलावणीचे हात. "भावजीनू, माजे हात पळयात नी ह्यांचे पळयात. येणारो-वचणारो किदें म्हणतलो, ह्या घरात कामाक कोण वता नी राणी कोण?"

तो ओसरीवरून म्हणाला, "राणयेन राणयेचें काम करचें."

"मगे राणयेन उदक हाडचें बांयचें," ती म्हणाली, आणि घागर त्याच्यापुढे ठेवली. तो उठला आणि विहिरीवर गेला. गेला तो कमरेवर घागर घेऊन, राणीसारखाच चालत. आम्ही हसून बेजार.

आणखी एक गोष्ट त्याच्या पाठीबद्दल सांगायला हवी. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर त्याला भोवरा होता. माणसाच्या टाळूवर असतो तसा, केस गोल फिरलेले. तिथे सगळ्या दिशा एकाच जागी असतात. वरून खाली यंत्र ओढलं तरी अर्धे केस उरफाटेच येतात. तिथे तो मला बोट धरून शिकवायचा, आरशात बघून. अगदी छोट्या ओढीने, गोल, घड्याळाच्या काट्यासारखं. सगळ्या पाठीला जेवढा वेळ लागायचा तेवढाच त्या एका भोवऱ्याला. मी आतल्या आत वैतागायचो. पण त्या जागेला महत्त्व होतं, कारण दुसऱ्या अंकात राणी प्रेक्षकांकडे पाठ करून बसायची आणि दासी तिचे केस विंचरायची. त्या प्रवेशासाठी मी म्हापशाहून खोल पाठीचं पोलकं शिवून आणलं होतं. माझी कल्पना. लोक तो प्रवेश बघायला सावंतवाडीकडूनही येत. राणी एक शब्द बोलत नसे, नुसती पाठ दिसायची, आणि सगळा मांडव गप्प.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतात त्या वर्षी नाटकाच्या तोंडावर त्याची आई वारली. सुतक आलं. तुम्हाला माहीतच आहे, सुतकात दाढी नाही, केस नाहीत, अंगाला तेल नाही. देवळात तर पाऊलही नाही. हिशेब केला तर सुतक फिटायचा दिवस आणि नाटकाचा दिवस एकच निघाला.

मंडळात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, दुसरी राणी बघा. काहींचं म्हणणं, सकाळी सुतक फिटतं, रात्री नाटक, अडचण कसली. शेवटी देवाचा कौल लावायचं ठरलं. मूर्तीला पाकळ्या लावल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी बघितली. देवाने होकार दिला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आता हे कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने "उजवी दिली" असं म्हणणारा माणूसच पुढे सगळ्यात मोठ्याने देवाच्या कोपाची गोष्ट सांगत फिरला.

कौलाचा निरोप घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात उन्हात बसला होता. दाढी वाढलेली, कातडी तेलाविना कोरडी पडलेली. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "करतां. पूण हात लांब पोलक्यात. पाठ झांकलेली. कातडेक रात मेळना."

मी म्हणालो, पाठीचा प्रवेश काढला तर नाटकात राहिलं काय? त्या वर्षी मी आमच्या खाणीच्या मॅनेजरला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. साहेब येणार, बाईसाहेब येणार, आणि त्यांना मी आठवडाभर त्या प्रवेशाचं वर्णन सांगितलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं की लोक निराश होतील.

"लोकांक सांग, राणयेची आवय मेली."

मी म्हणालो, "राणीची आई मेलेली नाही. तुझी मेली."

हे बोलायला नको होतं. त्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. मग उठला. "बरें. सुतक फिटल्या दिसा दनपारां यो."

नाटकाच्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा न्हावी येऊन त्याचं डोकं, दाढी आणि मिशी करून गेला होता. क्रियाकर्म आटपून, देवळातलं तीर्थ शिंपडून घर मोकळं झालं होतं. पाहुणे जेवत होते. मागच्या पडवीत पाट टाकला. कढत पाणी पाहुण्यांच्या अंघोळीत संपलेलं, चुलीवर दुसरं ठेवायचं म्हटलं तर वेळ नाही, कारण मॅनेजरची गाडी संध्याकाळी येणार होती आणि मला त्यांना रस्त्यावर उभं राहून आणायचं होतं. कोमट पाण्यात तुवालो भिजवून एकदा पाठीवर फिरवला. फेस लावला. त्याने पद सुरू केलं. मी पद संपू दिलं नाही.

नवीन पाती हात-पाय आणि छाती करण्यात गेली. पाठीला जुनंच उरलं. पहिल्यांदा केसाच्या वाटेने गेलो. पण केस सुतकात वाढलेले, राठ झालेले. खुंट राहिले. मी हात फिरवून बघितला आणि डोळ्यांपुढे ते म्हापशाचे दिवे आले. फेस एव्हाना वाळला होता. मी खालून वर सुरू केलं.

"कारकुना," तो म्हणाला, "उरफाटो."

मी म्हणालो, "उलोवूं नाका. वस्तरो चलता."

बोलायचं नाही, हा त्याचाच कायदा. आणि तो गप्प बसला. भोवऱ्यावरही मी तसाच गेलो, सरळ, वर, दोनदा, तीनदा. त्याच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. मग पाठभर तुरटी फिरवली. मग लगेच सफेता आणि पिवडी, म्हणजे पांढरा आणि पिवळा रंग, तेलात कालवून लावली, कारण लाल ठिपके दिसायला लागले होते आणि ते झाकायचे होते.

नाटक कसं झालं ते काय सांगू. पाठीचा प्रवेश इतका चांगला कधीच झाला नव्हता. राणी ताठ बसली होती, जराही न हलता. बाईसाहेब साहेबांच्या कानात काही म्हणाल्या. मी विंगेत उभा राहून स्वतःवर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी पाठीवर पुळ्या आल्या, मग फोड, मग पू. अंगात ताप भरला. म्हापशाला डॉक्टरकडे नेलं, मीच नेलं. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि विचारलं, "अशी कुणी केली?"

"हांवेंच केली," तो म्हणाला.

"स्वतःची पाठ?"

त्याने बाजूचा सदरा हातात घेतला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तो काही महिने पालथाच झोपला. फोड वाळले, पण फऱ्यावरची जखम खोल गेली होती. ट्रकच्या सीटला टेकलं की उघडायची. कंपनीने शेवटी त्याला ट्रकवरून काढून गेटवर राखणदार केलं. गावात तोपर्यंत गोष्ट तयार झाली होती. पहिल्यांदा बायकांमध्ये, मग दुकानावर, मग मंडळात. सुतक पुरतं फिटलं नव्हतं. आई नाराज होती. देव कोपला.

मंडळाने ठरवलं की त्याने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून घ्यावं, आणि यापुढे रंग लावू नये. रविवारी सकाळी सगळे जमले. गुरवाने हात जोडून मोठ्याने सुरू केलं, बा देवा, ह्या तुज्या लेकरान सुतकाची मर्यादा मोडली, नेणतेपणान मोडली, ती तू पोटात घाल. तो समोर हात जोडून उभा. सदरा पाठीला लागू नये म्हणून जरा वाकून. मी त्याच्या मागे उभा होतो, आणि सदऱ्यावर एका जागी ओल उमटली होती ती मला दिसत होती. फऱ्यावर, डाव्या बाजूला.

त्याची बायको देवळाच्या पायरीजवळ होती. गाऱ्हाणं संपल्यावर ती माझ्याकडे आली. "भावजीनू, तुमी थंय आसल्यात. देवान उजवी दिली मगे? तुमी तरी सांगात ह्या लोकांक."

मला नुसतं तेवढं तरी सांगता आलं असतं. कौल झाला होता, एवढंच. पण कौल बरोबर होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग झालं कशाने? आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी म्हणालो, "वहिनी, देवाच्या गोष्टी आपल्याला काय कळतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

ह्या वाक्याचा मला जितका राग येतो तितका वस्तऱ्याचाही येत नाही. वस्तरा घाईत चालला होता. हे वाक्य मी सावकाश बोललो.

आणि त्याचाही राग येतो. हो, त्याचाही. त्याला सगळं माहीत होतं. पाठ त्याची होती. तो गेटवर बसायचा, मी काट्यावर, रोज दुपारी एकत्र पाव-भाजी खायचो. एकदा तरी मला दोन शिव्या घालायच्या. एकदा तरी चारचौघांत म्हणायचं, ह्या कारकुनाने माझी कातडी सोलली. तो म्हणायचा, "उसळीत मीठ कमी पडलां," आणि पाव मोडून अर्धा मला द्यायचा. गेटवरून ट्रक गेले की एखादं पद गुणगुणायचा. लांब बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटण लावलेला. हातांवर पुन्हा घोंगडी आली होती.

पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो. पाठोपाठ खाणीही बंद पडल्या. दोघेही गावात परतलो. मोपाच्या सड्यावर, पठारावर, विमानतळाचं काम सुरू झालं तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. एक बाजू गेली होती, उजवी थोडी चालायची. बायको आधीच गेली होती. एक पुतण्या बघायचा. पुतण्या हुशार, पण घाईचा. आठवड्यातून एकदा काकाच्या चेहऱ्यावर स्वस्तातलं यंत्र कोरडंच ओढायचा. ते बघून मी म्हटलं, हे मी करीन.

मग दर रविवारी मी जायचो. कढत पाणी, तुवालो, फेस. तो गुणगुणू शकत नव्हता, म्हणून मीच पद गुणगुणायचो, बेसूर. तो डोळ्यांनी हसायचा. नवीन पातं. केसाच्या वाटेने.

मी ठरवून जायचो की आज बोलायचं. त्याच्या गालावर कातडी ताणून धरलेली असायची, माझं तोंड त्याच्या कानाजवळ असायचं, घरात दुसरं कुणी नसायचं. मी म्हणायचो, "त्या दिवशी दुपारी..." आणि त्याचं उजवं बोट वर व्हायचं.

वस्तरा चालू होता.

म्हटलं, झाल्यावर बोलू. गार पाणी, टिपणं, खोबरेलचे दोन थेंब. तेवढ्यात त्याचा डोळा लागलेला असायचा. झोपला होता की डोळे मिटून पडला होता, ते मला कधीच कळलं नाही. किती रविवार असे गेले. एकदा मी यंत्र आधीच खाली ठेवलं, अर्धी दाढी राहिलेली, आणि म्हटलं, "आता वस्तरा चालू नाही. ऐक." त्याने माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हाताने यंत्र उचललं, माझ्या हातात दिलं आणि बोट वर केलं.

मी उरलेली अर्धी दाढी केली. दुसरं काय करणार होतो?

परवाच्या वर्धापनदिनाला, तो गेल्यानंतर, मी बोललो. वक्त्याचं झाल्यावर उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ते सुतकाचं खोटं आहे, देवाने कौल दिला होता, त्याची पाठ मी बिघडवली. कुणीतरी माझ्या हाताला धरून मंचावर नेलं. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला जुन्या आठवणी दाटून आल्या. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या वाजल्या. मंडळाचा अध्यक्ष कानात म्हणाला, "काका, च्या घेवन वचात हां." खाली उतरलो तर एक तरुण अगदी प्रेमाने म्हणाला, "काका, तुमी मनाक लावन घेव नाकात. देवाची गजाल वायली." देवाची गोष्ट वेगळी, म्हणे. त्यांना त्यांची गोष्ट आवडते. तिच्यात देव आहे, आई आहे, कोप आहे. माझ्या गोष्टीत एक कारकून आणि एक जुनं पातं. कोण ऐकणार?

तो गेला त्या दिवशी मी लवकर पोचलो. पुतण्याने आणि शेजारच्या दोघांनी त्याला अंघोळीसाठी पडवीत घेतलं होतं, त्याच मागच्या पडवीत. कूस बदलून पाठ धुवायला लागले. पाठ केसांनी भरलेली, सगळे केस पांढरे, पाणी पडलं तसे एका दिशेने खाली आडवे झालेले. डाव्या फऱ्यावर मात्र हाताच्या तळव्याएवढी जागा मोकळी. भोवरा नव्हता. तिथे कातडी चकचकीत, ताणलेली, एकही केस नाही.

"ही देवाची खूण," पुतण्या शेजाऱ्याला हळूच म्हणाला.

"देवाची नव्हे," मी म्हणालो. "माझी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तांब्या भरला. "काका, मात्शे कुशीक सरात. उदक घालतां."

मी बाजूला सरलो. पाणी केसांतून वाट काढत खाली गेलं, आणि त्या जागेवरून मात्र न अडता घसरलं.